चिंधीच्या गोळ्या

पेलेस्त्रिना बेटावरच्या आमच्या वल्हेकरी मंडळात अजून गोळी टाकून मत देतात. गोळ्या ऑर्तेन्सियाबाई, आमच्या बोलीत सिओरा ऑर्तेन्सिया, शिवते, जुन्या सदऱ्यांच्या चिंध्यांच्या, पडताना आवाज होऊ नये म्हणून. पेटीला तोंड एक, आत कप्पे दोन. पांढरा होकाराचा, हिरवा नकाराचा. हात कुठे वळला ते दिसत नाही.

मी एकदा तिला म्हटलं, "सिओरा, इंग्रजीत मतपत्रिकेला बॅलट म्हणतात ना, तो शब्द आपल्या व्हेनिसच्या या गोळीवरून आलाय. बलोत्ता."

"एवढं शिकायला पादोव्याला गेली होतीस?" तिनं दोरा दातानं तोडला. "एका कॉफीवर मी सांगितलं असतं."

नवरा वारल्यापासून ती स्वतः होडी घेऊन मासेमारीला जाते. जिभेच्या तडाख्यातून कोणी सुटत नाही. यंदा ती अध्यक्षपदाला उभी राहिली. आजवर बाई अध्यक्ष झालेली नव्हती. तिला ते पद फार हवं होतं. महिनाभर ती सगळ्यांशी गोड बोलली, तेव्हाच ते कळलं.

पण जुना नियम असा, की मतदानाच्या वेळी उमेदवारासोबत त्याच्या नातलगांनीही बाहेर जायचं. बेटावर आडनावं चार. चुलते उठले, व्याही उठले, जावई उठले. चिटणीसही उठला, तो तिचा भाचा. आत तिघं उरलो: व्हेनिस शहरातून आलेली मी, मेस्त्रेहून आलेला औषधवाला आणि म्हातारा दुइलियो. जिंकायला दोन मतं हवीत. औषधवाल्याच्या खोकल्याच्या औषधाला ती गटारपाणी म्हणायची. दुइलियोला तर रोजच, "वल्हवतोयस की पोलेंट्याची लापशी ढवळतोयस?"

मी हळूच विचारलं, "दुइलियोकाका, तुम्ही कसे नातलग नाही?"

"तरुणपणी मागणी घातली होती. नाही म्हणाली." त्यानं गोळी तळहातावर तोलली. "हो म्हणाली असती, तर आत्ता मीही बाहेर कुडकुडत असतो."



गोळ्या पडल्या. आवाज नाही. कप्पे उघडले. पांढऱ्यात दोन, हिरव्यात एक. औषधवाला छत न्याहाळत होता.

मी दार उघडलं. "जिंकलात, सिओरा. दोन विरुद्ध एक."

तिनं आत पाहिलं. तीनच माणसं. तिची नजर दुइलियोवर थांबली.

"गाढवा," ती म्हणाली. "आता तुझ्याशी नीट वागावं लागणार."

"नको गं," दुइलियो म्हणाला. "सवय झालीय."