सहीवर बसलेला शिक्का

१९४६ सालच्या जून महिन्यात, एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी एका विद्यार्थ्याच्या रहिवासाच्या दाखल्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारला. तो नेमका मामलेदारांच्या सहीवर बसला. शिक्का मारण्याचा मला कसलाही अधिकार नव्हता. नगरला माळीवाडा वेशीजवळ सायकलचे एक दुकान होते, त्याच्या ओट्यावर हे घडले. माझे वय तेव्हा वीस होते. पुण्याला इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष पार करून मी सुटीत घरी आलो होतो.

सायकलच्या दुकानाच्या ओट्यावर शिक्का कसा आला, हे आधी सांगायला हवे.

वर्षभरापूर्वी नवा विद्यार्थी म्हणून मी पुण्यात तीन दिवस कॉलेजच्या कचेरीत खिडक्या बदलत होतो. एका खिडकीवर दाखला नाही म्हणून परत पाठवले. दुसरीवर दाखला चालला, पण डॉक्टरी तपासणीचा कागद नव्हता. तिसऱ्या दिवशी ज्या रांगेत मी दीड तास उभा राहिलो, ती वसतिगृहाच्या आचाऱ्यांच्या भरतीची निघाली. टेबलामागच्या गृहस्थांनी मला भाकरी थापता येते का विचारले. मी नाही म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, मग इथे वेळ कशाला घालवता.

हे हाल पुढच्यांचे होऊ नयेत म्हणून नगरच्या आम्ही तीन विद्यार्थ्यांनी सुटीत एक मंडळ काढले. अर्ज भरून देणे, कोणता कागद कोणत्या कचेरीतून आणायचा ते सांगणे, पुण्यात राहायची सोय सुचवणे, असे काम होते. अध्यक्षाला काविळीने घरी बसवले. दुसऱ्या सभासदाला घरच्यांनी राहुरीला शेतावर नेले. उरलो मी, मंडळाचा चिटणीस. पुण्याहून येताना मी रबरी शिक्का करवून आणला होता. कडेने ‘इंजिनिअरिंग विद्यार्थी साह्य मंडळ, नगर’ आणि मध्ये ठळक अक्षरांत ‘तपासले’. खाली ‘चिटणीस’. मंडळाकडे टेबल नव्हते, खुर्ची सायकलवाल्याची होती. शिक्का मात्र स्वतःचा होता.

सुरुवातीला मी तो फक्त मंडळाच्या चिठ्ठ्यांवर मारत असे. पण ते रेशनिंगचे दिवस होते. साखरेपासून रॉकेलपर्यंत सगळे शिक्क्यावर मिळे, आणि शिक्का नसलेला कागद लोक वाचण्याआधीच परत करत. राहुरीच्या एका व्यापाऱ्याने मुलासाठी मी लिहून दिलेली पुस्तकांची यादी दोनदा उलटून पाहिली आणि विचारले, “शिक्का कुठं आहे याच्यावर?” मी मारला. ते समाधानाने गेले. त्यानंतर मी यादीवर मारला, अर्जावर मारला, पाथर्डीच्या एका मुलाच्या डॉक्टरी कागदावर मारला. ड्रॉइंग बोर्ड नगरच्या सुताराकडून आंब्याच्या लाकडाचा करून घ्यावा, या माझ्या सल्ल्यावरही मारला. ते बोर्ड पुण्याच्या पावसात पत्रावळीसारखे वाकले, असे पुढे कळले.

सोमवारी आलेला विद्यार्थी जामखेड तालुक्यातल्या एका गावचा होता. वडील गवंडी. सोलापुरात मामाकडे राहून त्याने इंटर सायन्स केले होते. मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. ते मी पाहिले आणि त्याविषयी काही बोललो नाही. त्याला जागा मिळाली होती, पण एका अटीवर. जागा मुंबई इलाख्यातल्या रहिवाशांसाठी होती, आणि जामखेड तालुका इलाख्यात असला तरी चहूकडून निजामाच्या गावांनी वेढलेला होता. त्याच्या घराचे दार इंग्रजी हद्दीत उघडे आणि शेजारच्या गावची विहीर निजामाची. पुण्याच्या कारकुनाला ही हद्द नकाशावरूनही समजली नसती. म्हणून मामलेदारांचा रहिवासाचा दाखला हवा होता. तो नसेल तर हा मुलगा परमुलखातला ठरणार आणि जागा यादीतल्या पुढच्याला जाणार.

दाखला त्याने आणला होता. त्यात काही उणे नव्हते. कचेरीची मोहोर फक्त थोडी फिकट उठली होती. मी ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणालो, याला जरा जोर द्यायला हवा. पॅडवर नवी शाई घातली होती.

बुधवारी संध्याकाळी तो पुण्याहून परतला आणि थेट ओट्यावर आला. त्याने दाखला माझ्यासमोर ठेवला. मामलेदारांच्या सहीचे एक टोक डावीकडून आणि एक उजवीकडून बाहेर आलेले दिसत होते. मधल्या जागेत ‘तपासले’.

“कारकुनानं विचारलं, ही सही कोणाची,” तो म्हणाला. “मी सांगितलं, मामलेदारांची. तर म्हणाला, मामलेदारांना तपासणारा हा कोण?”

मी विचारले, मग तू काय सांगितलेस?

“म्हटलं, सेकंड इयरला आहेत.”

कारकुनाने सहीत फेरफार केलेला कागद म्हणून दाखला परत दिला होता. नवा, कोरा दाखला शनिवारी दुपारी बारापर्यंत आला तर ठीक. नाही आला तर जागा गेली. मी म्हणालो, मी तुझ्याबरोबर जामखेडला येतो. तो म्हणाला, यायलाच लागेल, चिटणीससाहेब. कचेरीत काय सांगायचं ते मला सुचत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही जामखेडच्या मोटारीत बसलो. ती कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. चढ आला की उतारू खाली उतरत आणि मोटारीच्या बाजूने चालत. रस्ता मध्ये निजाम हद्दीतून जात असल्यामुळे नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, माणसाने सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. माझ्या पिशवीत एक सदरा, एक पंचा, शिक्का आणि पॅड होते. शिक्का का आणला, असे विद्यार्थ्याने विचारले तेव्हा मी म्हणालो, कचेरीत पडताळणीला लागेल. खरे कारण असे की तो मी सगळीकडे नेत असे.

नाक्यावरच्या माणसाने शिक्का उलटा करून पाहिला. “ये मोहर किस दफ्तर की?”

विद्यार्थी म्हणाला, “इनका खुद का दफ्तर है.”

“कहाँ?”

“सायकल की दुकान पे.”

त्याने आपल्या वहीत पुष्कळ शोधले. तेल, कापड, तंबाखू यांवर जकात होती. शिक्क्यासाठी सदर नव्हते. त्याने तो पिशवीत परत टाकला.

जामखेडला पोचेपर्यंत दुपार झाली. मामलेदार फिरतीवर होते आणि शुक्रवारी येणार होते. अव्वल कारकुनांनी आमचे ऐकून घेतले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी जावक बारनिशी, म्हणजे बाहेर गेलेल्या कागदांची नोंदवही, काढली आणि दाखला गेल्याची नोंद दाखवली. एकदा दिलेला दाखला पुन्हा द्यायचा तर कारण लागते आणि कारण लेखी लागते, असे ते म्हणाले. मी कागद मागून घेतला आणि तिथेच बाकावर बसून लिहिले, की सदर दाखल्यावर अनवधानाने शिक्का पडला.

त्यांनी वाचले. “पडला म्हणजे? आढ्यातून?”

मी म्हणालो, म्हणजे मारला गेला.

“गेला तर खरा. मारला कोणी?”

एवढ्यात विद्यार्थ्याचे वडील आले. मुलाने मोटारीतून उतरताच निरोप धाडला होता, म्हणून ते कामावरून तसेच आले होते. हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे होते. मुलाने त्यांना काय झाले ते थोडक्यात सांगितले. त्यांनी दाखला हातात घेतला नाही, वाकून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले. मी दुसरा कागद मागितला. त्यावर लिहिले, की मी, सदर मंडळाचा चिटणीस, मला अधिकार नसता मामलेदारसाहेबांच्या सहीवर माझ्या हाताने शिक्का मारला आणि त्यात विद्यार्थ्याचा काही दोष नाही. पुढे तीस वर्षे मी वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त केल्या. त्यातले पहिले धड वाक्य हे.

अव्वल कारकुनांनी मान हलवली. “खाली सही करा. हुद्दा घाला. आणि शिक्का मारा.”

मी म्हणालो, तो शिक्का सरकारी नाही.

“मंडळाच्या चिटणिसाचा जबाब आहे. शिक्क्याशिवाय मी फायलीला कसा लावू?” ते म्हणाले. “मामलेदारांच्या सहीवर चालला, तुमच्या स्वतःच्या सहीवर चालत नाही?”

मी पिशवीतून शिक्का काढला आणि मारला. या वेळी सही वाचता येईल अशा बेताने मारला. कचेरीतले इतर कारकून लेखण्या थांबवून पाहत होते.

मुक्काम विद्यार्थ्याच्या घरी झाला. जेवताना वडिलांनी मला विचारले, की ‘तपासले’ म्हणजे तुम्ही त्यात काय बघता. मी भाकरी मोडू लागलो. ते म्हणाले, “आमी वळंबा लावतो. भित वाकडी हाय का सरळ, तवाच कळतं. तुमचं कशावरनं कळतं?” मी सांगितले, की मार्कांची बेरीज पाहतो, नाव पाहतो. “आन मंग सरळ निघालं तर तसंच ऱ्हाऊ द्यायचं न्हाई का?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मुलगा हसू दाबत होता, पण त्याचा घास तोंडापर्यंत जात नव्हता. शनिवारला एकच दिवस मध्ये होता.

शुक्रवारी आम्ही तिघे कचेरी उघडल्यापासून बाहेर बसलो. नगरची मोटार तीनला सुटणार होती. मामलेदार दोन वाजता आले, आणि आधी त्यांनी पाणी घेतले, मग फिरतीचे कागद. अडीचला आम्हाला आत बोलावले. त्यांनी माझा जबाब सावकाश वाचला आणि विचारले, तो शिक्का बरोबर आहे का. मी आहे म्हणालो. त्यांनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो आपल्या डाव्या हाताशी, दौतीपलीकडे ठेवला, नव्या दाखल्यावर सही केली आणि शाई वाळेपर्यंत माझ्याशी पुण्याच्या हवेविषयी बोलले. सही वाळल्यावर दाखला विद्यार्थ्याला दिला आणि शिक्का मला. नव्या दाखल्यावरची मोहोरही आधी फिकट उठली होती, ती त्यांनी शिपायाकडून पुन्हा ठळक उठवून घेतली होती.

बाहेर वडिलांनी दाखला दोन पातळ फळ्यांमध्ये घातला, वर फडके बांधले आणि तो मुलाच्या हातात दिला. “ह्यास्नी दावू नगंस,” ते त्याला म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

मोटार सुटायला दहा मिनिटे होती. ती आम्हाला मिळाली. आष्टीच्या पुढे चढाला सगळे उतरले तेव्हा विद्यार्थी फळ्या छातीशी धरून चालत होता. नाक्यावरचा माणूस तोच होता. त्याने माझी पिशवी उघडली नाही.

शनिवारी पहाटेच्या मोटारीने आम्ही नगरहून पुण्याला निघालो. शिरूरला टायर बसला आणि तास गेला. कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटे कमी होती. विद्यार्थी म्हणाला, तुम्ही खिडकीपासून जरा लांब उभे राहिलात तर बरं. मी व्हरांड्यातल्या खांबाजवळ थांबलो. तिथून खिडकी दिसत होती, बोलणे ऐकू येत नव्हते.

कारकुनाने फडके सोडले, फळ्या बाजूला केल्या, दाखला उलटसुलट पाहिला आणि मामलेदारांची सही बोटाने पुसून पाहिली. नंतर सहीच्या चार बोटे खाली, कोऱ्या जागेत, त्याने कागद पोचल्याचा शिक्का मारला. बाराला दहा मिनिटे होती. सोमवारी फळ्यावर लागलेल्या पहिल्या वर्षाच्या यादीत विद्यार्थ्याचे नाव होते.