कार्ड कुणाचं, दुखणं कुणाचं

वसंता गेल्याचा फोन बँकेत आला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, संताप आला. सहा आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात… पण डॉक्टर वसंता माझा पुण्यातला शाळासोबती. आमच्यात गोड बोलायची पद्धत कधीच नव्हती.

सत्तरच्या दशकात आम्ही मागेपुढे बहारीनला आलो. मनामातल्या एका बड्या खासगी रुग्णालयात त्याचा रुबाब काय वर्णावा! बंगला, लांबलचक गाडी, शुक्रवारच्या सुट्टीला झल्लाकच्या किनाऱ्यावर शैलावहिनींच्या हातचे बटाटेवडे. आणि एके दिवशी राजीनामा टाकून हा गृहस्थ गुदैबियाच्या दाट वस्तीत, एका किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्यांचा दवाखाना मांडून बसला. का, तर बांधकामावरच्या मजुरांना कुणी विचारत नाही. वहिनींनी दोन वर्षं कळ काढली. मग लेकीला घेऊन पुण्याला निघताना मला म्हणाल्या, "भाऊजी, गरिबांचीच सेवा करायची होती तर पुण्यात गरीब कमी होते का? लक्ष ठेवा ह्यांच्याकडे. जरा काही दुखलंखुपलं तरी कळवा." मी हो म्हणून बसलो.

लक्ष कसलं ठेवणार! शुक्रवारी जावं तर जिन्यापासून रांग. त्यात मजुरांची एक खोड. आजार कंपनीला कळू नये म्हणून ते खोलीतल्या धडधाकट सोबत्याचं सरकारी ओळखपत्राचं कार्ड घेऊन यायचे. वसंता भडकायचा. "शुगर इसको, कार्ड उसका! कल बेहोश गिरा तो तेरे कागज कहाँ ढूँढूँ मैं?" समोरचा हात जोडायचा. "डॉक्टरसाब, कंपनी को पता चला तो खलास. घर भेज देंगे." मग वसंता शिव्या देत देत औषध द्यायचा.

या हिवाळ्यात माझं कार्ड हरवलं. आठवडाभर घर पालथं घातलं, तर वसंतानंच ते आणून दिलं. "माझ्या टेबलाखाली पडलं होतं. वेंधळा आहेस." त्याच दिवशी जिना चढताना तो मध्येच थांबला, छातीवर हात ठेवून. "ॲसिडिटी आहे रे," म्हणाला. मीही सोडून दिलं. दोन-तीन दिवसांनी सरकारी रुग्णालयातून मला फोन. तुमचा ईसीजी चांगला नाही, ताबडतोब या. मी म्हटलं, मी तिथं कधी आलोच नाही, भलत्याच माणसाला फोन लावलात… आणि ठेवून दिला. महिन्याभरात वसंता दवाखान्यातल्या खुर्चीतच गेला.

त्याच्या जाण्यानं धास्तावून परवा मी त्याच रुग्णालयात तपासून घ्यायला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फाइल काढली, माझा ईसीजी जुन्या कागदाशेजारी ठेवला आणि ते चक्रावले. "कमाल है! पहले इतना खराब, अब एकदम नॉर्मल. क्या दवा ली आपने?"

मी जुन्या कागदावरची तारीख पाहिली. कार्ड हरवलं होतं तोच आठवडा. नाव माझं, वय माझं. स्वतःच्या नावावर तपासलं असतं तर बातमी फुटली असती, आणि वहिनींना कळलं असतं तर त्यांनी याला ओढत पुण्याला नेलं असतं, दवाखान्याला कुलूप लागलं असतं. म्हणून मजुरांना झापणारा हा शहाणा स्वतः माझं कार्ड घेऊन आला होता. आणि त्याच्या जिवाचा निरोप आला माझ्याकडे. मी तो चुकीचा म्हणून परत केला. वहिनींना हे आता कोणत्या तोंडानं सांगू?

"ये पुराना किसी और का होगा. निकाल दूँ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं, रहने दीजिए," मी म्हटलं. आणि तिथंच, त्या परक्या माणसासमोर, मला वसंताचा इतका राग आला की रडू आवरेना.