पाचवीच्या इंग्रजीची कॅसेट

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते बहुधा जेवणानंतर, आडवं पडून, थोडी करमणूक म्हणून. वाचून झालं की मनातल्या मनात खुलासे शोधायचो. वारा असेल, झोप अपुरी असेल, आठवणीत घोटाळा असेल... आणि खुलासा सापडला की समाधानाने डोळा लागायचा. आज जे लिहितो आहे त्याचे असे सगळे खुलासे मी स्वतःच तपासून पाहिले आहेत. बरीच वर्षं तपासतो आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, एका मराठी शाळेत मी ग्रंथपाल होतो आणि माझी पत्नी निर्मला पाचवीला इंग्रजी शिकवायची. तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. वर्गात साठ मुलं. एकेकाला बोलतं करायचं तर बाई फळ्यापाशीच अडकून पडायच्या. म्हणून तिने एक युक्ती काढली. शाळेला कुणीतरी देणगी दिलेला टेपरेकॉर्डर कपाटात पडून होता. त्यावर तिने आपल्याच आवाजात धडे भरले. टेपवर प्रश्न यायचा, “व्हेअर डू यू लिव्ह?” मग थोडी मोकळी जागा, त्यात एका मुलाने उभं राहून उत्तर द्यायचं. मग टेपमधून “गुड. सिट डाऊन.” आणि पुढच्या मुलासाठी पुन्हा तोच प्रश्न. आवाजाचं काम यंत्राने केलं की ती स्वतः बाकांमधून फिरायला मोकळी.

कॅसेट भरली ती आमच्याच खोलीत, मे महिन्याच्या सुट्टीत.

“अहो, तो पंखा बंद करा. घरघर येते टेपमध्ये.”

“अगं, मरेन मी उकाड्याने.”

“मरा, पण कॅसेट भरून झाल्यावर.”

मोकळी जागा किती सोडायची हे ती घड्याळाने मोजत नसे. उत्तर ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि मग पुढचं बोलायची. मी समोर घामाघूम बसून तिचे हलणारे ओठ पाहत असे.

वर्गातल्या गोष्टी ती घरी सांगायची. त्यातली हिरा मला नावाने माहीत झाली होती. खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी. अडखळत बोलायची. “तिला उभं केलं की पोरं खिदळतात हो,” निर्मला म्हणायची. “पण थांबलं ना, की येतं तिला. फक्त थांबायला हवं.”

दिवाळीच्या सुट्टीत निर्मलाला कावीळ झाली. कल्याणच्या दवाखान्यात नेलं. शाळा उघडायच्या आत ती गेली... त्याविषयी एवढंच.

नवीन शिक्षिका लगेच मिळेना. मुख्याध्यापिका बाई एकदा ग्रंथालयात आल्या, बराच वेळ पुस्तकांवरची नावं वाचत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सर, पाचवीचं इंग्रजी बंदच आहे. त्यांच्या कॅसेटवर तास चालवता येईल. पण वर्गात कुणीतरी मोठं माणूस हवं. तुम्हाला... जमेल का?”

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर तो आवाज ऐकायची मला ओढ होती. आणि तेवढीच भीती.

मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं आणि आवाज सुरू होताच मी सरळ वर्गाच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मुलांकडे पाठ करून. मुलं मात्र सरावलेली. एकेक उठत होतं, उत्तर देत होतं, “गुड. सिट डाऊन” ऐकून बसत होतं.

मग एका मुलीचा आवाज आला. “आय... आय ल... ल...”

मागून कुणीतरी कुजबुजलं, “ए, हिरीची कॅसेट अडकली!” आणि हशा पिकला.

मी वळलो. तीच ती हिरा, हे मला तेव्हा कळलं. आता टेपमधून “गुड. सिट डाऊन” येणार, तिच्या अर्ध्या शब्दावर, तेही निर्मलाच्या आवाजात. मग ही मुलगी पुन्हा उभी राहील का? मी टेबलाकडे धावलो, पण दप्तरांनी वाट अडवली होती.

आवाज आला नाही.

मी टेबलापाशी पोचलो तरी आला नाही. बटणाजवळ कुणाचा हात नव्हता. कॅसेटची चाकं नेहमीसारखी फिरत होती. स्पीकरमधून बारीक खरखर येत होती, आणि त्या खरखरीत कुणीतरी समोर बसून सावकाश श्वास घेतंय, असं मला वाटलं. हसणारी पोरं आपोआप गप्प झाली. हिरा टेपरेकॉर्डरकडे पाहत होती. ओठ जुळत होते, सुटत होते.

“आय ल... लिव्ह... इन... क... कोपर.”

“गुड. सिट डाऊन.”

ती बसली. पुढचा मुलगा उठला. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेवढीच नेहमीची जागा.

तास संपल्यावर मी हिराला विचारलं, “आज टेप मध्येच थांबली होती का गं?”

“टेप नाय सर, बाई थांबल्या,” ती म्हणाली. या वेळी तिला अडखळायला झालं नाही.

शेजारची पोरगी फणकाऱ्याने म्हणाली, “सर, बाई नेहमीच थांबायच्या. हिराची पाळी आली की पॉझचं बटण दाबून धरायच्या. तुम्ही दाबलंच नाय!”

मला ते ठाऊकच नव्हतं. घरी तिने कधी सांगितलं नव्हतं.

पण पॉझ दाबला की चाकं थांबतात. चाकं फिरत होती, मी पाहिली. सेल उतरले असते तर आवाज जाड झाला असता. दुःखाने माझ्या मनाचा तोल गेला म्हणावं, तर सगळा वर्ग माझ्याबरोबर थांबला होता. त्या संध्याकाळी ग्रंथालयाचं दार लावून तीच बाजू पुन्हा ऐकली. सगळ्या मोकळ्या जागा सारख्या, तिचे ओठ हलायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्याच.

नवीन बाई आल्यावर मुख्याध्यापिकांनी कॅसेट मला देऊन टाकली. हिरा त्या वर्षी तोंडी परीक्षेत बोलली, हळूहळू, पण बोलली.

कॅसेट मी अजून लावतो. काय घडलं ते मला सांगता येत नाही, आणि आता खुलासा मिळावा असंही फारसं वाटत नाही. दुसरंच काही हवं असतं. “व्हेअर डू यू लिव्ह?” ती विचारते. मी मुद्दाम उत्तर देत नाही. मलाही बोलता येत नाहीये हे तिच्या लक्षात येईल, या आशेने गप्प बसून राहतो.

ठरलेल्या वेळी ती “गुड. सिट डाऊन” म्हणते आणि पुढच्या मुलाकडे वळते.