मुखवट्याच्या जागी सुपारी

खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर एकटा बसलो की डोळ्यांपुढे येतो तो एका देवीच्या पालखीचा दिवस. गंमत म्हणजे त्या प्रकरणात गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. नाव कोणाचंच घेणार नाही. कुरुंद्याच्या पुढचं, हळदीच्या शेतांमधलं एक गाव, एवढं पुरे.

त्या गावची पालखी चैत्रात निघते. जुनी माणसं सांगतात, लमाणांचा तांडा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून चालला होता. एक बैल इथं बसला तो उठेना. गोणी उतरवून पाहिली तर मिठात देवीचा मुखवटा. म्हणून आदल्या दिवशी पालखीच्या दांड्याला तेल लावायचं ते तांड्याच्या नाईकानं, आणि पहिला खांदाही त्याचाच. निजामाच्या काळात अमीनसाहेबाची, म्हणजे फौजदाराची, परवानगी काढावी लागे, तेव्हाही हा मान मोडला नाही म्हणतात. खांदा लागला की पालखी गल्लोगल्ली फिरते आणि ठरलेल्या ओट्यांवर विसावा घेते.

मी ठाण्याचा प्रभारी होतो. त्या वर्षी त्याच दिवशी दुसऱ्या गावात जत्रा होती, माणूसबळ तोकडं. शांतता समितीच्या बैठकीत मी मार्गाचा नकाशा मागवला आणि मागच्या गल्लीवर लाल पेनानं फुली मारली. "तिथं आता राहतं कोण?" असं विचारलं. मी तापट माणूस. माझ्यापुढं लोक फारसं बोलत नसत, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

पालखीच्या दिवशी सकाळी सातला ठाणे अंमलदाराचा फोन आला. मुखवटा गेला होता. जाऊन पाहिलं तर गाभाऱ्यातल्या पेटीचं कुलूप शाबूत. किल्ली दाराआडच्या खिळ्याला. कॅमेरा होता, पण तो दानपेटीवर रोखलेला. हवालदार पंचनामा लिहीत असतानाच गावातल्या एकाचा फोन आला, "साहेब, काल नाईक गाभाऱ्यात एकटाच व्हता. पिशवी घेऊन निघाला."

झालं. अर्ध्या तासात नाईकाला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, मुंडासं बांधलेला माणूस. बाकावर ताठ बसला.

"काल पिशवीत काय नेलंस?"

"तेलाची बाटली अन् फडकं."

"आणि मुखवटा?"

"आमच्या बैलाच्या पाठीवर आलेली देवी हाय ती, साहेब. आमी तिला काहून चोरावं?"

"म्हणूनच. परत घरी नेली असशील."

यावर तो काही बोलला नाही. चौकशीत गप्प बसणाऱ्याला आम्ही निम्मा गुन्हेगार धरतो. पण काही माणसं अपमानानं गप्प होतात, हे मला कळायला फार वर्षं लागली.

अकराच्या सुमारास तांड्यावरून निरोप आला, नाईक सुटत नाही तोवर खांदा मिळणार नाही. पाठोपाठ पुजारी धावत आले. पाचला पालखी उठायची असते. मुखवटा सापडला तरी नाईकाच्या नावावर चोरीचा डाग राहिला, तर पालखी जागची हलणार नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम माझ्या ठाण्याच्या बाकावर अडकून पडला होता.

वरिष्ठांना कळवायचं म्हणून मी पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. हवालदारानं आपल्या सवयीनं बारीकसारीक सगळं लिहिलं होतं. 'पेटीत गादी, त्यावर एक विड्याचं पान, थोडे तांदूळ, एक सुपारी.'

"ही सुपारी तुमच्या पूजेतली का?" मी पुजाऱ्यांना विचारलं.

त्यांचा चेहराच उतरला. "न्हाई, साहेब. सकाळच्या गडबडीत ध्यानातच आलं न्हाई. देवी जागेवरून हलवली तर गादी रिकामी ठेवत न्हाईत, मागं सुपारी बसवतात. पण हे आमच्या घरच्यालाच माहीत."

"घरात कोण कोण?"

"मी, बायको. थोरले भाऊ हायत, पण ते मागच्या गल्लीत राहतात. एकटेच."

"शेवटचं कधी भेटलात त्यांना?"

"संक्रांतीला… न्हाई, त्याच्या आदी."

हवालदार पुटपुटला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." आणि मी? मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

मागच्या गल्लीत घरोघर कुलपं. कोणी पुण्याला, कोणी नांदेडला. एकच दार सताड उघडं होतं. सारवलेला ओटा, ताजी रांगोळी, पाटावर मुखवटा आणि पुढं समई. शेजारी पाण्यानं भरलेले पेले ओळीनं मांडलेले. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले पुजाऱ्यांचे थोरले भाऊ, गावाचे काका, दारातच बसले होते.

"या साहेब. सकाळपासून वाट पाहून राहिलो. इतका उशीर काहून केला?"

मी भडकलो. "काका, गुन्हा आहे हा."

"ठाऊक हाय. लावा कलम. उभा जन्म कचेरीत गेला माझा."

"मग का केलंत?"

ते सरळ बोलले. "बायको गेली. लेकरं लांब. वर्षातून एकदा ह्या ओट्यावर पालखी टेकते, तेवढंच गाव माझ्या दारात येतं. तुमी तेबी बंद केलं. म्हटलं, देवी इथं असली तर हुडकायला तरी येतील. पन कोनीच आलं न्हाई हो."

मी नाईकाला धरल्याचं सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले. "नाईकाला? त्याचा काय संबंध?" हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. चप्पल न घालताच, मुखवटा छातीशी धरून ते जीपमध्ये बसले.

ठाण्यात त्यांनी नाईकापुढं हात जोडले. नाईकानं ते हात धरून खाली केले. "काका, एक निरोप धाडायचा व्हता. आख्खा तांडा आला असता तुमच्या दारात." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, जीपमधी घालून नेलं, समद्या गावानं पाह्यलं. आता येशीपासून तुमी पायी चला माझ्यासंगं."

मी चाललो. वर्दीत, भर बाजारातून, त्याच्या बरोबरीनं. देवळासमोर मंडळाचा माईक घेतला आणि चूक माझी होती, असं सांगितलं. मुखवटा घरातच मिळून आला, तक्रार नाही, असं पुजाऱ्यांनी लिहून दिलं.

पाचला नाईकाचा खांदा लागला आणि पालखी उठली. चौकात आल्यावर त्यानं मला न विचारता दांडा मागच्या गल्लीकडं वळवला. मी वाहनं अडवून धरली. ओट्यावर विसावा झाला. पेले पुरले नाहीत, काका पुन्हा पुन्हा घागरीकडं धावत होते. दहा मिनिटांनी पालखी पुढं गेली आणि तिच्याबरोबर सगळी माणसंही गेली. मागं आम्ही दोघं.

"पुढच्या वर्षी याल का साहेब? बंदोबस्ताला न्हाई. असंच, च्या घ्यायला."

"येईन," मी म्हणालो.

पावसाळ्यात माझी बदली झाली. पुढच्या चैत्रात गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कामं होती. खरं सांगायचं तर ही सबब आहे. एक दिवसाची रजा मागितली असती तर मिळाली असती.

गुन्ह्यात फायदा कोणाचा ते आधी शोधा, असं आम्हाला शिकवतात. कोण वगळलं गेलं, हेही विचारावं, हे मला त्या सुपारीनं शिकवलं. पण शिकून मी काय केलं? आता माझीही बायको नाही, मुलगी परदेशात आहे. हिंगोलीत संध्याकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतो. ओळखीचं कोणी थांबेल असं वाटतं. बहुतेक दिवस कोणी थांबत नाही, आणि ते मनाला लागतं.

काका गेल्याचं त्या हवालदारानंच फोनवर कळवलं. पालखी दर वर्षी त्यांच्या ओट्यावर टेकत होती म्हणाला, नाईकानं ते मोडू दिलं नाही. मग म्हणाला, "साहेब, दर साली गर्दी आली की काका आदी मला गाठायचे. एकच विचारायचे, साहेब आले का?"