गिरणीतली ऊब
जळक्या ग्रीसचा वास आला की मला कर्जतजवळच्या आमच्या गावची भातगिरणी आठवते. थंडीत तिथे निम्मा तालुका जमायचा, भात भरडायला कमी आणि शेकायला जास्त. मोटारीच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा ज्या बेअरिंगवर टेकलेला होता, ते असं तापायचं की त्यावर अख्ख्या लग्नाचे पापड भाजून निघाले असते. गिरणीवाली काकू दुखरी कंबर शेकत सकाळभर त्याला पाठ करून, शेजारच्या भिंतीला डोकं टेकून बसायची. एके दिवशी रसायनीच्या कारखान्यात फिटर असलेला तिचा धाकटा भाऊ आला. त्याने बेअरिंगजवळ हात नेला आणि त्याचं हसू मावळलं. "ताय, ऊठ तिथनं." "बस रं तू पण. फुकटची ऊब हाय." "फुकटची नाय गं. दाण्याला लागायची ताकद इथं घासून जळतेय, म्हणून तर भरडायला दुप्पट वेळ लागतो. मशीन बंद कर." "एवढं पोतं होऊ दे," काकू म्हणाली. पोतं माझं होतं, म्हणून मीही गप्प बसलो. मग गिरणीची घरघर बारीक आणि तीक्ष्ण होत गेली, कानाशी डास गुणगुणावा इतकी. भावाने काकूला दंडाला धरून ओढलं. त्याच क्षणी दांडा जागीच अडकला, पट्टा तुटून भिंतीवर आदळला आणि तिचं डोकं टेकलं होतं तिथलाच गिलावा ढासळला. काकू त्या भिंतीकडे बघत राहिली. मला मात्र तिच्याकडे बघवेना. आता गरम मशीनशेजारी कुणी बसलेलं दिसलं, की मी आधी त्याला उठवतो आणि कारण मागाहून सांगतो.