भाकरीचा हात आणि मुके व्हिडिओ

फरहीनने मला वर्षभर तिच्या घरी जेवायला येऊ दिलं नाही. कारण ऐकलंत तर आधी चिडाल, मग तिला मानाल. माझंही तसंच झालं.

कोल्हापुरात एकाच रुग्णालयात आम्ही दोघं फिजिओथेरपिस्ट. तिच्या अम्मीला, हुसेनबींना, लकवा झाला आणि उजवा पंजा मिटला तो उघडेना. बाई हट्टी. रोज परातीत पीठ घेऊन भाकऱ्या थापत बसल्या आणि काही महिन्यांत बोटं उघडली. तेव्हापासून फरहीनच्या डोक्यात एकच खूळ, लकव्याच्या रुग्णांना भाकरी थापायला लावायची. विभागप्रमुख म्हणाले, आधी चाचणी घे. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडायचे. एकाला भाकरी, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम. शेवटी कुणाचा पंजा जास्त उघडतो ते पाहायचं. भाकरी हरली तर हा उपचार कायमचा बंद, असं तिनेच कबूल केलं होतं.

चाचणीआधी रंगीत तालीम म्हणून शाहूवाडीच्या, लकवा झालेल्या शालूबाईंकडून तिने भाकऱ्या थापून घेतल्या. मग त्यांचा हात स्वतःच तपासला, दहापैकी आठ गुण दिले आणि नाचायचीच काय ती बाकी राहिली. त्याच तपासणीचा व्हिडिओ तिने आवाज बंद करून, काही न सांगता मला दाखवला. मी पाच गुण दिले.

मला वाटलं, आता भांडण. तर ही बया टाळ्या पिटत ओरडली, "सापडलं! कृष्णात, माझं डोळं लबाड हायत! भाकरीचा हात म्हटलं की मला तो उघडल्यालाच दिसतोय की!"

स्वतःची चोरी पकडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. अट एकच, कुठला हात कुठल्या गटातला हे मला कळता कामा नये. आता कोल्हापूरच्या माणसाच्या पोटात काही राहतं का? पहिल्याच दिवशी हातकणंगल्याचे आकाराम खोलीत शिरता शिरता गरजले, "पावणं, काय भाकऱ्या थापून घेत्यात ओ तुमच्या म्याडम! बघा हात कसा मोकळा झालाय!"

दाराबाहेरून फरहीन धावतच आली. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! ह्यांचा हात आता दुसऱ्या कुणाकडनं तपासून घेऊ."

त्या दिवसापासून मला चाचणीतला एकही रुग्ण भेटला नाही. नुसते हातांचे मुके व्हिडिओ. मनगटापासून वर पांढरं कापड, आणि नखात पीठ दिसू नये म्हणून दोन्ही गटांचे हात साबणाने धुतलेले. फरहीनकडून ऐकलेल्या रुग्णांच्या गोष्टी हुसेनबी मला सांगत बसतील म्हणून त्यांचं घरही मला बंद. त्यांच्या हातचा खिमा डोळ्यांसमोर यायचा आणि मी फरहीनला मनसोक्त शिव्या घालायचो.

निकालाच्या दिवशी तिने माझा दंड असा आवळला की वळ उठले. आकडेमोड करणाऱ्या वर्षाराणी मॅडमनी वाचून दाखवलं. मुठीची ताकद दोन्ही गटांत सारखीच. पंजा उघडण्यात मात्र भाकरीचा गट पुढे, पण थोडासाच.

"थोडं हाय, पण हाय!" फरहीन अशी किंचाळली की वॉर्डातली माणसं धावत आली. मीही ओरडत होतो, का लपवू? "चल, आधी घरी चल. अम्मी वाट बघतीया!"

हुसेनबी चुलीपुढे होत्या. सगळं ऐकून त्यांनी उजव्या हाताने भाकरी उलटली आणि विचारलं, "थोडासाच फरक? मग माझा हात तर पुरा उघडला. त्यो भाकरीनंच की न्हाय?"

फरहीनला व्हय म्हणणं किती सोपं होतं!

"ठाऊक न्हाय अम्मी," ती म्हणाली. "आपोआपबी उघडला असंल."

हुसेनबींनी लेकीकडे डोळे भरून पाहिलं. मग ती भाकरी माझ्या ताटात टाकून म्हणाल्या, "कशानं का उघडंना. जेव बाबा, वर्सभर उपाशी ठेवलंय हिनं तुला."