लोणच्याच्या बरणीतली इंजेक्शनं
लोणच्याचा वास आला की फ्रीजमधली ती बरणी आठवते. सून मूल होण्यासाठी घ्यायची ती इंजेक्शनं पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लपवली होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जाळली होती. मुलगा-सून परदेशी निघायच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "मामा, चिठ्ठीबिगर विमानात नेऊ देत न्हाईत." मी तडक लातूरच्या दवाखान्यात गेलो. रांगेत चाकूरचा चुलतभाऊ भेटला. "सून वांझच निघाली म्हना की," तो हसला. हे मी वर्षानुवर्षं मुकाट ऐकलं होतं. "खोट माझ्या पोरात हाय, तिच्यात न्हाई!" मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो. चिठ्ठी मिळाली, औषधं त्यांच्यासोबत विमानात गेली. काल नातीचा पहिला फोटो आला. तो मी आधी चाकूरलाच पाठवला.